ओढू नये

इनास आधी बार्जवर होता.
खाण बंद पडली, बार्ज शेळवणच्या धक्क्याला गंजत राहिली,
आणि तो नदीवरून झाडांवर आला
कमरेचा दोर तोच ठेवून.

मी शिकायला गेलो तेव्हा त्याने कोयता दिला नाही,
हातभर दोर दिला.
म्हणाला, गाठ मार. मारली.
म्हणाला, आता सोड.
मी दातांवर आलो.
"बांधता कोणालाही येतं, पात्रांव."

त्याच्या एका गाठीचं नाव पोर्तुगीज,
लायश द गीया,
अर्थ त्याला ठाऊक नाही, त्याच्या बापालाही नव्हता.
तिचा फास माणसाला तोलतो, आवळत नाही.
काम संपलं की तिची मान मागे मोडायची,
निमूट सुटते.
दुसरी बिननावाची. जाड दोरावर बारीक दोराचे तीन वेढे,
भार टाकला की धरते, मूठ ठेवली की सरकते.
मी रोज तिच्यावर लटकतो.
फांदी उतरवायला मात्र तिसरी,
कारण फांदी स्वस्थ लटकत नाही, झटका देते,
आणि झटका खाल्लेली गाठ लाकूड होते.
म्हणून बांधतानाच तिच्या पोटात एक काटकी ठेवायची.
नंतर काटकी उपसली
की गाठीला आत श्वासापुरती जागा होते.

मे संपत आला होता. आर्मिंदाबायच्या फणसाची एक फांदी
कौलांवर रेलली होती.
वीस फुटांवर मला निळा नायलॉन दिसला,
जाळ्यांना लावतात तसला.
दोन दोर. एक सरळ सालीत शिरलेला,
त्याची गाठ फणसाने गिळलेली, वर सुजलेला ओठ.
दुसऱ्याची अजून बाहेर.

"झोपाळा," खालून बाय ओरडली.
"लिझेटचा. शिडी लावून मीच चढले होते.
पक्की मारली, पोर पडू नये म्हणून."

निरगाठ. निरगाठीवर निरगाठ, त्यावर आणखी एक.
लिझेट आता स्विंडनला, रात्रपाळीत खोकी चिकटवते.
"पडली नाही कधी," बाय म्हणाली.
मग जरा थांबून, "सुटेल?"

बार्जच्या इंजिनाने इनासचे कान नेलेत.
तो माणसांचे हात बघतो.
माझे बघितले, आणि हवेत अंगठ्याने
काहीतरी आत सारल्यासारखं केलं.
वोडूं नाका. धुकल.
अडलेल्या गाठीला तिचाच दोर परत द्यायचा,
थोडा थोडा, उलट्या बाजूने,
मग कोयत्याच्या मुठीने बडवायची, मग पुन्हा अंगठा.
मी देत राहिलो. घाम डोळ्यांत, ओंबील मानेवर.
गाठीने काही घेतलं नाही.
आणि त्या दुसरीला, आतलीला, काय द्यायचं?
फणस वर्षाला बोटभर जाड होत गेला,
वेढा होता तेवढाच राहिला.
झोपाळा बांधताना
झाडाच्या वाढीचा हिशेब कोण करतं?

शेवटी फांदी उतरवली, तुकड्यातुकड्यांनी.
आमची गाठ तीन झटके खाऊन खाली आली,
इनासने काटकी उपसली,
ती त्याच्या तळहातावर उलगडून पडली, नुसता दोर.
निळी तशीच निघाली, वेढ्यासकट, कांकणासारखी.
गिळलेली ओंडक्यात. "ती चुलीत नको," बाय म्हणाली,
आणि ओंडका बाल्कांवच्या पायरीपाशी ठेवायला लावला.

मग चहा आला. बायने निळी गाठ मांडीवर घेतली,
क्रोशाची सुई काढली
आणि उकरायला लागली, ओढून.
इनास काही बोलला नाही. कप खाली ठेवला,
तिचा हात मनगटाशी धरला,
उलटा केला.

किती वेळ गेला कोण जाणे. एक पदर हलला,
किंवा मला तसं वाटलं.
इनास उठला. म्हणाला, दोर गुंडाळ,
उद्या पोफळी आहेत.